सोळाशे मीटरची दौड : वेगाआधी दमसास

पहाटे साडेपाचच्या सुमारास कळमेश्वरहून बाहेर जाणाऱ्या कोणत्याही रस्त्याने गेलात, तर धावणारी मुले-मुली हमखास दिसतात. कोणाला तालुक्याच्या शालेय स्पर्धेत नंबर काढायचा असतो, कोणाला पोलीस भरतीचे ग्राउंड मारायचे असते, तर कोणाला सैन्यभरतीचे वेध लागलेले असतात. मुले व्यायाम करतात ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु त्यांच्या सरावाकडे थोडे बारकाईने पाहिले, तर एक चूक जवळजवळ सर्वत्र आढळते. मनगटावर घड्याळ लावून मुले रोजच जीव तोडून धावतात. कालच्यापेक्षा आज दोन सेकंद कमी लागावेत, एवढाच त्यांचा हिशेब असतो. पहिले तीन आठवडे वेळ खरोखरच कमी होते. नंतर ती जागची हलत नाही. मग नडगी दुखू लागते, भूक मंदावते, उत्साह जातो आणि ऐन स्पर्धेच्या दिवशी मुलगा घरी बसतो.

असे का होते आणि ते टाळण्यासाठी काय करावे, याची माहिती आजच्या लेखात घेऊ.

मैल आपल्या अंगणातला

इंग्रजी मैल म्हणजे १६०९ मीटर. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे रॉजर बॅनिस्टर या वैद्यकीय विद्यार्थ्याने ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल धावून चार मिनिटांची भिंत प्रथम ओलांडली, तेव्हापासून हे अंतर जगभर प्रसिद्ध आहे. आपल्याकडे मैलाची शर्यत सहसा होत नाही. पण तिची दोन सख्खी भावंडे आहेत. शालेय स्पर्धांत १७ आणि १९ वर्षांखालील गटांत १५०० मीटरची शर्यत असते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत अलीकडच्या वर्षांत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर आणि महिला उमेदवारांना ८०० मीटर धावावे लागते. सैन्यभरतीतही १.६ किलोमीटरच धावायचे असते. म्हणजे गावातल्या पुष्कळ मुलांचे भवितव्य ४०० मीटरच्या मैदानाच्या चार फेऱ्यांवर अवलंबून असते. या चार फेऱ्या साडेपाच मिनिटांत पूर्ण करायच्या, तर प्रत्येक फेरी सरासरी साडेब्याऐंशी सेकंदांत व्हायला हवी.

ही धाव कोणत्या बळावर होते?

आपल्या स्नायूंना शक्ती पुरविणाऱ्या दोन व्यवस्था आहेत. पहिलीत रक्तातून आलेल्या प्राणवायूच्या साहाय्याने साखर व चरबी जाळून शक्ती मिळते. ही व्यवस्था संथपणे सुरू होते, परंतु दीर्घकाळ चालते. दुसरी व्यवस्था प्राणवायूची वाट न पाहता साखरेपासून झटपट शक्ती काढते. मात्र त्यामुळे स्नायूंत आम्लता वाढते. पाय जड होतात, मांड्या जळजळतात आणि वेग आपोआप मंदावतो.

शंभर मीटरच्या शर्यतीत दुसऱ्या व्यवस्थेचा वाटा फार मोठा असतो. अनेकांची समजूत अशी, की मैलाची शर्यतही वेगाची असल्याने तीही तशीच असणार. प्रत्यक्षात १५०० मीटरच्या शर्यतीत लागणाऱ्या शक्तीपैकी सुमारे चार-पंचमांश शक्ती प्राणवायूवर चालणाऱ्या व्यवस्थेकडून येते. हा एक आकडा नीट लक्षात ठेवला, तर पुढील सर्व सल्ला आपोआप पटेल. ज्या व्यवस्थेवर शर्यतीचा चार-पंचमांश भार आहे, तीच बळकट करण्याकडे आपली मुले दुर्लक्ष करतात आणि उरलेल्या एक-पंचमांशासाठी रोज झटतात.

प्राणवायूची व्यवस्था बळकट होते ती बऱ्याच काळाच्या, नियमित व सावकाश धावण्याने. अशा धावण्याने हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर अधिक रक्त बाहेर फेकले जाते. रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. स्नायूंमध्ये सूक्ष्म केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. विज्ञानाच्या पुस्तकात मुले ज्यांना तंतुकणिका म्हणून ओळखतात, त्या शक्ती तयार करणाऱ्या पेशीतील भट्ट्यांची संख्या वाढते. यालाच आपण दमसास वाढणे म्हणतो.

शेतकऱ्याच्या घरातील मुलाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. उन्हाळ्यात नांगरणी, वखरणी करून रान तयार केल्याशिवाय मृगाच्या पावसावर पेरणी करून काय उपयोग? वेगाचा सराव ही पेरणी आहे. सावकाश धावणे ही मशागत. मशागतीच्या या काळाला खेळाच्या भाषेत पायाभरणीचा सराव म्हणतात.

न्यूझीलंडचा चर्मकार आणि बीडचा अविनाश

ही पद्धत जगापुढे ठामपणे मांडली ती न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांनी. बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या या गृहस्थांनी कित्येक वर्षे स्वतःच्या शरीरावर प्रयोग केले आणि नंतर शेजारपाजारच्या मुलांना तयार केले. त्यांचा शिष्य पीटर स्नेल हा ८०० मीटरचा धावपटू. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी लिडियार्ड त्याला आठवड्यातून एकदा २२ मैलांच्या डोंगराळ वाटेने धावायला लावीत. लोकांना हे वेडेपणाचे वाटे. परंतु १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचे आणि त्याच दिवशी लिडियार्ड यांचाच शिष्य मरे हाल्बर्ग याने ५००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. १९६२ मध्ये स्नेलने मैलाचा जागतिक विक्रम केला आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ८०० व १५०० मीटर अशी दोन्ही सुवर्णपदके पटकावली. अर्थात, प्रौढ खेळाडूंचे ते अंतर शाळकरी मुलांनी मुळीच गाठू नये. घ्यायचे ते तत्त्व : आधी दमसास, मग वेग.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण त्याहून जवळचे आहे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे याची शाळा घरापासून सहा किलोमीटरवर होती. वाहनाची सोय नसल्याने तो कधी चालत, कधी धावत शाळेत जाई. बारावीनंतर तो सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला आणि स्पर्धात्मक धावण्याकडे २०१५ च्या सुमारास वळला. २०१८ मध्ये त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमधील गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळ देऊन रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक अवघ्या पाच शतांश सेकंदाने हुकले. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकले आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत आणि सातारा जिल्ह्यातील मोहीची ललिता बाबर यांची जडणघडणही खेड्यातच झाली.

केवळ शाळेच्या वाटेमुळे कोणी विक्रमवीर होत नाही, हे खरे. त्यामागे पुढील अनेक वर्षांचे कष्ट असतात. पण लहानपणापासून रोज, न चुकता, फार घाई न करता कापलेले अंतर शरीरात साठून राहते. ती शिदोरी पुढे उपयोगी पडते.

सावकाश म्हणजे किती सावकाश?

येथेच बहुतेकांची गफलत होते. त्यासाठी तीन सोप्या कसोट्या आहेत.

१) बोलण्याची कसोटी : धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. एका शब्दावर धाप लागत असेल तर वेग जास्त आहे असे समजावे.

२) घड्याळाची कसोटी : तुमची १६०० मीटरची वेळ सहा मिनिटे असेल, तर शर्यतीतील तुमचा वेग किलोमीटरला पावणेचार मिनिटे होतो. सावकाश धाव त्याहून किलोमीटरला दीड ते दोन मिनिटे हळू असावी. म्हणजेच सव्वापाच ते पावणेसहा मिनिटे.

३) दुसऱ्या दिवसाची कसोटी : दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धावावेसे वाटले, तर कालचा वेग योग्य होता.

इतके हळू धावायला मुलांना लाज वाटते. बरोबरीची मुले पुढे निघून जातात, रस्त्यावरचे लोक हसतात. येथे पालकांनी व क्रीडाशिक्षकांनी मुलाच्या पाठीशी उभे राहायला हवे.

बारा आठवड्यांचा आराखडा

तालुका पातळीवरील शालेय स्पर्धा साधारणपणे पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होतात. म्हणून पायाभरणीला परीक्षा संपताच, निदान जूनच्या आरंभी तरी लागावे. पुढील आराखडा १४ ते १८ वर्षांच्या, निरोगी आणि सलग वीस मिनिटे सावकाश धावू शकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. ज्यांना तेवढेही जमत नाही त्यांनी आधी तीन-चार आठवडे दोन मिनिटे धावणे व एक मिनिट चालणे असा क्रम ठेवावा. आराखड्यात किलोमीटर न देता मिनिटे दिली आहेत. त्यामुळे रस्ता मोजण्याची कटकट नाही आणि घाईही होत नाही.

पहिले चार आठवडे : आठवड्यातून चार दिवस धावावे. तीन दिवस २० मिनिटे आणि रविवारी ३० मिनिटे, असे पहिल्या आठवड्याचे एकूण ९० मिनिटे होतात. दुसऱ्या आठवड्यात एकूण १००, तिसऱ्यात ११० मिनिटे करावीत. चौथा आठवडा विसाव्याचा. त्यात फक्त ८५ मिनिटे. या काळात वेगाचे नावही काढू नये.

पाचवा ते आठवा आठवडा : आठवड्यातून पाच दिवस धावावे. एकूण मिनिटे अनुक्रमे ११५, १२५, १३५ आणि विसाव्याच्या आठव्या आठवड्यात १०५. रविवारची लांब धाव ४० मिनिटांपर्यंत न्यावी. आठवड्यातून दोनदा सावकाश धाव संपल्यावर ८० ते १०० मीटरच्या चार ते सहा मोकळ्या धावा घ्याव्यात. त्यांत पूर्ण जोर लावायचा नाही. अंग सैल ठेवून, पाय चपळ टाकायचे. दोन धावांच्या मध्ये चालत परत यावे. यामुळे पायांना वेगाची सवय राहते आणि दमणूकही होत नाही.

नववा ते बारावा आठवडा : पाच दिवस, एकूण मिनिटे १४५, १५५, १६५ आणि शेवटी विसाव्याची १२०. रविवारची धाव ५० मिनिटांपर्यंत. आठवड्यातून एक दिवस मधली १५ मिनिटे थोड्या दमदार वेगाने धावावीत. बोलताना तीन-चार शब्दांवर श्वास घ्यावा लागेल इतपत. आणखी एक दिवस मोकळ्या धावांऐवजी चढण घ्यावी. आपला भाग बहुतेक सपाट असला, तरी आदाशाच्या टेकडीसारखे चढ आहेत. तेही लांब पडत असेल तर पुलाचा चढ पुरे. ३० ते ४० सेकंद चढून जावे आणि चालत उतरावे, असे सहा वेळा.

हा सारा सराव केल्यावर आठवड्याचे अंतर साधारण २७ ते ३० किलोमीटर भरते. शाळकरी मुलाला ते भरपूर आहे.

दर चौथ्या आठवड्याचा विसावा ऐच्छिक नाही. शरीर बळकट होते ते धावताना नव्हे, तर धावण्यानंतरच्या विश्रांतीत. शिवाय एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते : हृदय व रक्त काही आठवड्यांतच सरावतात, परंतु हाडे, कंडरा व सांध्यांचे बंध यांना कित्येक महिने लागतात. दम वाढला म्हणून मुलगा अंतर वाढवत सुटतो आणि हाडे मागे राहतात. वाढत्या वयात तर हाडे लांब होत असतात आणि त्यांची टोके नाजूक असतात. नडग्या दुखण्याचे प्रमुख कारण हेच.

प्रगती मोजायचीच असेल तर दर चार आठवड्यांनी एकदा, ठरलेल्या तीन किलोमीटरच्या वाटेवर, नेहमीच्याच सहज श्रमाने धावून वेळ टिपावी. श्रम तेवढेच आणि वेळ कमी, ही खरी प्रगती. दुसरे मोजमाप फुकटचे आहे. सकाळी अंथरुणातच मनगटाची नाडी मिनिटभर मोजून वहीत लिहावी. महिन्या-दोन महिन्यांत ती काही ठोक्यांनी उतरते. एखाद्या दिवशी ती नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी वाढलेली आढळली, तर ताप येऊ घातला आहे किंवा थकवा साचला आहे असे समजून त्या दिवशी विश्रांती घ्यावी.

बारा आठवड्यांनंतर वेगाचा सराव सुरू करावा. आठवड्यातून दोनच दिवस, तेही चार ते सहा आठवडे. साडेपाच मिनिटांचे लक्ष्य असेल तर ४०० मीटरच्या चार ते सहा फेऱ्या प्रत्येकी ८२-८३ सेकंदांत घ्याव्यात आणि मध्ये दोन-तीन मिनिटे विश्रांती घ्यावी. उरलेल्या दिवशी पुन्हा सावकाश धाव. शर्यतीत पहिली फेरी सुसाट मारण्याचा मोह टाळावा. पहिल्या दोनशे मीटरला सर्वांच्या पुढे असलेला मुलगा तिसऱ्या फेरीत मागे पडलेला आपण नेहमी पाहतो. चारही फेऱ्या सारख्या वेळेत काढणारा शेवटी पुढे निघतो.

आपल्याकडचे ऊन, पाऊस आणि रस्ते

विदर्भातील उन्हाळा हा धावणाऱ्याचा मोठा शत्रू. मे महिन्यात नागपूर भागात पारा ४५ अंशांच्या वर जातो. या दिवसांत सूर्योदयापूर्वी धाव संपवावी. सायंकाळी जमीन तापलेली असते, म्हणून पहाटच बरी. उष्णतेची सवय होण्यास शरीराला दहा-पंधरा दिवस लागतात, तोवर वेळ निम्मी ठेवावी. पावसाळ्यातही निर्धास्त राहू नये. हवा दमट असली की घाम वाळत नाही आणि अंगातील उष्णता बाहेर पडत नाही. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटरच्या धावण्याच्या चाचणीत काही तरुण उमेदवारांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर शासनाला चाचणीचे अंतर कमी करावे लागले. पुरेशा तयारीशिवाय, दमट उष्म्यात सर्व जोर लावून धावणे किती महागात पडू शकते, हे विसरता कामा नये.

पाऊस पडला की आपली काळी माती चपलेला किलो-किलोने चिकटते. अशा पांदणीतून धावल्यास पाय मुरगळतो. मुरमाचा कच्चा रस्ता किंवा शाळेचे मैदान सर्वांत चांगले. काटोल व सावनेर रस्त्यांवर औद्योगिक वसाहतीच्या जड वाहनांची ये-जा असते. तेथे धावायचेच झाले तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे, फिकट रंगाचे कपडे घालून आणि कानात काहीही न घालता धावावे. मुलींनी दोघी-तिघींनी मिळून धावावे.

बूट महागच हवेत असे नाही. मापाचे, टाचेला मऊ आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा असलेले असावेत. तळ झिजले की बदलावेत. अनवाणी धावण्याची सवय असलेल्या मुलाने एकदम सारे अंतर बुटात धावू नये आणि बुटाची सवय असलेल्याने एकदम अनवाणी धावू नये.

काय खावे?

धावणाऱ्या मुलाला डबाबंद पावडरींची गरज नाही. ज्वारीची भाकरी किंवा पोळी, भात, तुरीचे वरण, उसळी, पालेभाजी, दही-दूध आणि खाणाऱ्यांच्या घरी अंडी यांतून सर्व काही मिळते. फक्त ते पोटभर मिळाले पाहिजे. धावण्यापूर्वी अर्धा तास एखादे केळे पुरे. धावून आल्यावर तासाभरात भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, गूळ व दूध घ्यावे. सकाळी उपाशी धावून थेट दुपारी जेवणारी मुले महिन्याभरात खंगतात.

पाणी तहान लागेल तसे प्यावे. घाम फार येत असेल तर लिंबू, साखर व चिमूटभर मीठ घातलेले सरबत उत्तम. झोप हे सर्वांत स्वस्त टॉनिक होय. या वयात आठ ते दहा तास झोप हवी. रात्री बारापर्यंत मोबाईल आणि पहाटे पाचला ग्राउंड, हे गणित जमत नाही.

मुलींसाठी थोडे वेगळे

प्राणवायू स्नायूंपर्यंत नेण्याचे काम रक्तातील हिमोग्लोबिन करते. ते कमी असेल तर कितीही सराव करा, दम वाढत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे शाळेच्या संघातील निम्म्या मुलींना तो असू शकतो. मुलगी आळशी नसते. तिचे रक्त कमी असते. सराव सुरू करण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. १५ वर्षांवरील मुलींमध्ये ते १२ ग्रॅमच्या खाली असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. जेवणाबरोबर लिंबू किंवा संत्रे खाल्ल्यास अन्नातील लोह चांगले शोषले जाते. आपल्या भागात संत्र्यांची वाण नाही, ही केवढी सोय! उलट जेवणाला लागून चहा घेतल्यास लोह वाया जाते. सरावाच्या काळात तीन महिने पाळी आली नाही तर आहार अपुरा पडत आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे.

सिकलसेल विसरू नका

विदर्भात सिकलसेलचा आजार व त्याचे वाहक बऱ्याच प्रमाणात आहेत. देशपातळीवर त्याच्या निर्मूलनाचे अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले असून सरकारी दवाखान्यात तपासणी होते. वाहक व्यक्ती एरवी ठणठणीत असते आणि तिला धावण्याची मनाई नाही. मात्र उन्हात, पाणी न पिता, अचानक टोकाचे श्रम केल्यास तिच्या स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. म्हणून प्रत्येक धावपटूने ही तपासणी एकदा करून घ्यावी आणि निकाल क्रीडाशिक्षकांना सांगून ठेवावा. यात लपविण्यासारखे काही नाही. हळूहळू वाढत जाणारा पायाभरणीचा सराव वाहकांसाठी अधिकच आवश्यक आहे. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, त्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय असा सराव करू नये.

धोक्याच्या खुणा

पुढीलपैकी काही आढळल्यास धावणे तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे :

- धावताना छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा बेशुद्ध पडणे. घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल तर सराव सुरू करण्यापूर्वीच हृदयाची तपासणी करावी.
- नडगीवर किंवा पावलात एकाच जागी, बोट ठेवून दाखविता येईल असे दुखणे. हाडाला बारीक चीर पडल्याचे ते लक्षण असू शकते.
- धावल्यानंतर लघवीचा रंग चहासारखा गडद होणे.
- कडक उन्हात धावताना बरळणे, झोकांड्या जाणे, अंग भाजल्यासारखे तापणे. हा उष्माघात होय. अशा मुलाला ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काख व जांघेत बर्फ ठेवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नये.

काही गैरसमज

"हळू धावले की पाय हळूच राहतात." तसे नाही. मोकळ्या धावा व चढण यांमुळे वेग कायम राहतो आणि दमसासाच्या जोरावर तो शेवटच्या फेरीपर्यंत टिकतो.

"दुसऱ्या दिवशी अंग दुखले तरच व्यायाम लागू पडला." दुसऱ्या दिवशीचे दुखणे हे स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे असते. ते कमी असावे, हेच चांगले.

"भरतीच्या महिनाभर आधी जोर लावला की पुरे." महिन्याभरात थोडा फरक पडतो, पण खरा दमसास तीन महिन्यांखाली येत नाही आणि दरवर्षीच्या पायाभरणीने तो वाढत जातो.

"ताकदीचे इंजेक्शन घेतले की वेळ कमी होते." अशी इंजेक्शने यकृत, हृदय व वाढीच्या हाडांना घातक ठरू शकतात आणि खेळात ती निषिद्ध आहेत. कोणी सुचविल्यास पालकांना सांगावे.

शेवटी पालकांना आणि क्रीडाशिक्षकांना एक विनंती. मुलगा घरी आल्यावर "आज किती वेळ लागली?" असे विचारण्याऐवजी "आज किती मिनिटे धावलास आणि बरे वाटले का?" असे विचारा. सर्वांचीच मुले पदक आणणार नाहीत आणि सर्वांनाच भरतीत जागा मिळणार नाही. परंतु बारा आठवड्यांत कमावलेले बळकट हृदय, नियमित झोप आणि धीर धरण्याची सवय ही कमाई निवड यादीत नाव नसले तरी मुलाजवळच राहते. येत्या सोमवारपासून वीस मिनिटे, सोबत्याशी बोलत बोलत, अशी सुरुवात करून पाहा.